बिर्के, बर्च आणि आपलं भूर्ज: एका झाडाच्या नावाचा माग

रानजाई:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज शिंकत शिंकत पहिला धागा काढतेय तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

तर झालं असं की जर्मनीत बॉनमधला हा माझा तिसरा वसंत. पहिल्या दोन वर्षी एप्रिलमध्ये नाक गळायला लागलं की मी थंडीला शिव्या घालायचे, या वर्षी शेवटी डॉक्टरकडे गेले. तिने हातावर ओळीने थेंब टाकून टोचून बघितलं, बाकी सगळे गप्प आणि एकच ठिकाण टम्म फुगलं. म्हणाली बिर्के. म्हणजे बर्च झाडाचे पराग. वर हेही म्हणाली की कच्चं सफरचंद आणि हेझलनट खाताना तोंड खाजलं तर घाबरू नकोस, त्यातलं प्रोटीन बर्चच्या प्रोटीनसारखंच असतं म्हणून शरीर फसतं. (मी दोन वर्षं समजत होते की इथली सफरचंदंच फवारलेली असतात!)

रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. बाबा शाळेत संस्कृत शिकवायचे, आता रिटायर. ते म्हणाले, "बिर्के? म्हणजे भूर्ज की काय ग?" मी हसले, म्हटलं बाबा तुम्ही पण ना, ते व्हॉट्सॲपवाल्यांसारखं नका करू. पण झोपायच्या आधी शोधलं आणि गपगुमान त्यांना सॉरीचा मेसेज टाकला. बाबा शंभर टक्के बरोबर होते.

जर्मन बिर्के, डच बेर्क, इंग्लिश बर्च, डॅनिश बिर्क, स्वीडिश ब्यॉर्क, जुनं इंग्लिश बेओर्क, आणि आपलं भूर्ज, हे सगळे एकाच जुन्या शब्दाचे वंशज. मुळाचा अर्थ चमकणं, पांढरं असणं. संस्कृतात भ्राजते म्हणजे चमकतो तेच. इंग्लिशमधलं ब्राइट पण त्यातलंच आणि रॉबर्ट, आल्बर्ट या नावांच्या शेपटाला जे बर्ट आहे तेही हेच ब्राइट. म्हणजे आल्बर्ट हा कुलतेज झाला आणि रॉबर्ट कीर्तितेज, आपल्याकडे बारशाला अगदी खपतील!

मला पडलेला प्रश्न असा की हजारो झाडं असताना हेच नाव आइसलंडपासून काश्मीरपर्यंत कसं काय टिकलं? आंबा वड पिंपळ यांचे भाऊबंद जर्मनमध्ये का सापडत नाहीत? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

झब्बू:
पहिला मी! धागा वाखुसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसलोय कारण तासाभरात कोणीतरी येऊन सगळं संस्कृतातूनच गेलं म्हणणार.

खोडरबर:
रानजाई, छान लिहिलंय, पण माझा स्वभाव खोडायचा आहे त्याला इलाज नाही. नुसता आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही हो. आमच्या ऑफिसात एक काका होते ते स्कँडिनेव्हिया म्हणजे स्कंदनाभी असं छातीठोक सांगायचे. बिर्के आणि भूर्ज यात मला सारखा दिसतो तो फक्त मधला र. भ चा ब, ज चा क, आणि इ कुठे नि दीर्घ ऊ कुठे. पुरावा काय?

शब्दवेल्हाळ:
खोडरबर यांचा प्रश्न रास्त आहे, आणि गंमत म्हणजे आवाज जुळत नाहीत तेच इथे पुराव्याचं काम करतं. अगदी सारखे असते तर मलाच संशय आला असता.

यात बघायचं असतं ते हे की फरक दरवेळी त्याच पद्धतीने पडतो का. संस्कृतात भ तिथे जर्मानिक भाषांत (जर्मन, इंग्लिश, डच, स्वीडिश वगैरे) ब. भ्राता ब्रदर, भरति बेअर (म्हणजे वाहून नेणे, अस्वल नव्हे), भ्रू ब्राउ, आपली भुवई ती हीच. आता ज. जानु आणि जर्मन क्नी, जन आणि इंग्लिश किन, ज्ञा आणि जर्मन केनेन, अज्र म्हणजे शेत आणि जर्मन आकर म्हणजे पण शेत, ज्याचा इंग्लिशमध्ये एकर झाला आणि आपल्या सातबाऱ्यावर येऊन बसला. दरवेळी तिकडे क इकडे ज. मूळ आवाज टाळूला चिकटून काढलेल्या ग सारखा होता, आपल्याकडे तो घासून ज झाला, जर्मानिकमध्ये कडक होऊन क झाला, लिथुएनियनमध्ये झ झाला (बेर्झास), रशियनमध्येही झ (बेर्योझा), आणि अल्बेनियनमध्ये तर झाडाचं नाव नाही पण बार्ध म्हणजे पांढरा हा शब्द त्याच मुळातला राहिला. जर्मानिकचा हा नियम डेन्मार्कच्या रास्क या भाषाशास्त्रज्ञाने 1818 मध्ये मांडला आणि याकोब ग्रिमने 1822 मध्ये पक्का बांधला, म्हणून नाव ग्रिमचं लागलं. हो, तेच ते परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू, त्यातला थोरला.

राहिला दीर्घ ऊ. तो तर सगळ्यात भारी. मूळ शब्दात र नंतर घशातला एक आवाज होता जो पुढे बहुतेक भाषांत गळून गेला, पण गळताना संस्कृतात खूण ठेवून गेला, ती म्हणजे हा ऊर. पूर्ण आणि इंग्लिश फुल, ऊर्णा आणि इंग्लिश वुल, तिथेही आपल्याकडे ऊर आणि तिकडे साधा स्वर. भूर्ज त्याच रांगेतला. असे हरवलेले आवाज असणार हे सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाने एकविशीत नुसत्या गणितासारख्या तर्काने मांडलं होतं, आणि पुढे हित्ती या प्राचीन तुर्कस्तानातल्या बहीणभाषेच्या मातीच्या विटा वाचता आल्या तेव्हा 1927 मध्ये कुरिलोविच या पोलिश भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की बाबांनो तिथे हा आवाज चक्क लिहिलेला आहे. मला स्वतःला हे वाचताना काटा आला होता.

निफाडकर:
एवढं गोल गोल कशाला, सरळ म्हणा ना की शब्द संस्कृतातून गेला. भूर्ज ऋषीमुनींच्या काळापासून आहे, जर्मन भाषा कालपरवाची.

झब्बू:
पन्नास मिनिटं. मी जिंकलो.

शब्दवेल्हाळ:
निफाडकर, संस्कृत आई असती तर भ चा ब झाला इथपर्यंत ठीक, पण ज चा क कसा करणार? जर्मानिकच्या क मागे जुना ग लागतो, ज नाही. म्हणजे तिकडच्या शब्दाने संस्कृतच्याही आधीची अवस्था जपलीय. दोघी बहिणी आहेत, आई (अभ्यासक तिला आद्य इंडो-युरोपीय म्हणतात) वारली आणि तिचा फोटोही नाही, दोघींच्या चेहऱ्यावरून तिचं नाक कसं असेल ते आपण ठरवतोय. यात कुणाचाच कमीपणा नाही. आणि कृपया धाग्याचं काश्मीर करू नका, भूर्ज असलं तरी.

उत्तरेचा वारा:
आता माझ्या गल्लीतला विषय आला म्हणून लिहितो. मी उत्तर स्वीडनमध्ये उमेओला राहतो, या गावाला टोपणनावच आहे बर्चचं शहर. 1888 मध्ये गाव जळून खाक झालं, परत बांधताना रुंद रस्ते केले आणि आग पसरू नये म्हणून दुतर्फा बर्च लावले. आमच्या फुटबॉल ग्राउंडपासून ऑफिसपर्यंत नुसते ब्यॉर्क ब्यॉर्क. लोकांची आडनावं ब्यॉर्क, ब्यॉर्कमान. स्टॉकहोमजवळ मेलारेन सरोवरात ब्यॉर्क्यो म्हणून बेट आहे, म्हणजे बर्चबेट, तिथे व्हायकिंग लोकांचं बिर्का नावाचं व्यापारी गाव होतं. तुमची ती आइसलंडची गायिका ब्यर्क, तिचं नाव म्हणजे शुद्ध मराठीत भूर्जाच.

पण सांगायचं वेगळंच आहे. इथून बोटीत बसलं की काही तासांत समुद्रापलीकडे फिनलंडमध्ये वासाला उतरता येतं. झाड तेच, बर्फ तोच, थंडी तीच, पण फिनिश माणूस बर्चला म्हणतो कोइवू. काही संबंधच नाही, कारण त्यांची भाषा वेगळ्या घराण्यातली. समोरच्या किनाऱ्यावर नाव बदलतं आणि हजारो किलोमीटर लांब हिमालयात तेच नाव निघतं. निफाडकर, झाड शेजारी आहे म्हणून शब्द सारखा होत नाही आणि लांब आहे म्हणून तुटत नाही, एवढंच.

रानजाई:
अरे वा, कोइवू माहीत नव्हतं! शब्दवेल्हाळ, पूर्ण आणि फुल बाबांना वाचून दाखवलं, ते खूश आहेत आणि आता रोज एक शब्द पाठवताहेत, मला पळायला जागा नाही.

एक शंका, इंग्लिशमध्ये शेवटी च कुठून आला मग? बर्क नको होतं का?

शब्दवेल्हाळ:
होतंच की. जुन्या इंग्लिशमध्ये इ च्या शेजारचा क मऊ होऊन च झाला. जर्मन किर्शं, डच केर्क, इंग्लिश चर्च, तसंच हे. पण उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात व्हायकिंग बोलीचा शेजार होता तिथे बिर्क आणि किर्क टिकले. लिव्हरपूलसमोरचं बर्कनहेड म्हणजे बर्च असलेलं भूशिर. बर्कली म्हणजे बर्चचं माळरान, कॅलिफोर्नियातलं ते विद्यापीठाचं गाव हे नाव एका आयरिश बिशपच्या आडनावावरून घेऊन बसलंय.

गार्गी_दादर:
मग बर्कशायर पण ना! माझी बहीण तिथेच आहे, तिला सांगते.

शब्दवेल्हाळ:
थांबा गार्गीताई, तिला नका सांगू! बर्कशायर यातलं नाही. ते बेरोक नावाच्या जंगलावरून, आणि तो शब्द इंग्लिशच्या आधीच्या केल्टिक लोकांचा. खोडरबर म्हणतात ते यासाठीच, आवाजावर विसंबलं की पाय घसरतो. झाडाची साल म्हणजे बार्क तीही बर्चशी जोडायचा मोह सगळ्यांना होतो, काहींनी जोडलीही आहे, मला पटलेलं नाही.

डोंगरदऱ्या:
झाड प्रत्यक्ष पाहिलेला मीच दिसतोय इथे, म्हणजे आपल्याकडचं. गंगोत्रीहून गोमुखला जाताना आधी चीडबासा लागतं, चीड म्हणजे पाइनची वस्ती, आणि मग वर भोजबासा, भोजपत्रांची म्हणजे भूर्जांची वस्ती, साधारण 3800 मीटरवर. आता तिथे झाडं विरळ झालीत, यात्रेकरूंच्या शेकोट्यांत गेली. साल अशी सुटते की कांद्याचे पापुद्रे, आडव्या बारीक रेघा, हाताला रेशमासारखी. आम्ही पडलेला तुकडा उचलला, झाडाची सोलू नका कुणी, खाली नवीन साल यायच्या आत झाड वाळतं.

आणि काश्मिरीत सालीला बुर्झ म्हणतात. जुन्या घरांची छपरं या सालीचे थर देऊन वर माती टाकून करत, पाणी झिरपत नाही. श्रीनगरजवळ बुर्झहोम म्हणून हजारो वर्षांपूर्वीची वस्ती खणून काढलीय, लोक खड्ड्यातल्या घरात राहायचे, त्या नावाचा अर्थ बुर्झची जागा. म्हणजे तिकडे बर्कली तसं इकडे बुर्झहोम, झाडावरून गाव.

खोडरबर:
डोंगरदऱ्या, मी फोटोत पाहिलेलं भूर्ज तांबूस होतं. मग चमकणारं पांढरं कसं?

डोंगरदऱ्या:
पूर्वेकडे सिक्कीम भूतानला तांबूस असतं, पश्चिमेकडे येता येता पांढरं होत जातं. काश्मिरातलं इतकं पांढरं की इंग्रज लोक बागेत हौसेने तेच लावतात. पांढरेपण येतं ते बेट्युलिन नावाच्या द्रव्यामुळे, बोटाला पावडरसारखं लागतं.

शब्दवेल्हाळ:
आता रानजाईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, बाकी सगळं अवांतर चाललंय. हेच नाव का टिकलं? माझं उत्तर साधं आहे, जिथे माणसं गेली तिथे हे झाड आधीच उभं होतं. लोक सरकतात तेव्हा भाऊ आई पाय गुडघा सगळं बरोबर येतं म्हणून ते शब्द टिकतात, झाडं बरोबर येत नाहीत. नवीन ठिकाणी जुनं झाड नसलं की शब्द एक तर मरतो नाहीतर भलत्याच झाडाला चिकटतो. लॅटिनमध्ये भूर्जाचा भाऊ म्हणजे फ्राक्सिनुस, पण त्याचा अर्थ ॲश, वेगळंच झाड, कारण इटलीत खाली बर्च कुठे? आणि मग बर्चला त्यांनी बेटुला हा शब्द गॉल लोकांकडून (आजच्या फ्रान्सकडचे जुने केल्टिक लोक) उसना घेतला, तोच आज शास्त्रीय नावात बसलाय. ग्रीकमध्ये तर या नावाचा पत्ताच नाही.

उलटं उदाहरण बीच नावाच्या झाडाचं. जर्मन बुखं, लॅटिन फागुस, दोन्ही बीच. तोच शब्द ग्रीकमध्ये फेगोस, पण अर्थ ओक! संस्कृतात नाहीच. यावरून मागे लोकांनी मोठा किल्ला बांधला होता, की साधा बीच बाल्टिककडचं कालिनिनग्राद ते काळ्या समुद्रावरचं ओडेसा या रेषेच्या पूर्वेला उगवत नाही म्हणजे मूळ भाषा बोलणारे रेषेच्या पश्चिमेचे. पण शब्द जर ओकला चिकटू शकतो तर मुळात तो कोणत्या झाडाचा होता हे कोण सांगणार, आणि बीच स्वतः युरोपभर बराच उशिरा पसरला, त्यामुळे किल्ला ढासळला. 1970 मध्ये पॉल फ्रेडरिक या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने मूळ भाषेतल्या झाडांचे 18 गट मांडले, त्यातलं जर्मनला आणि संस्कृतला दोघांना ठणठणीत सारख्याच अर्थाने राहिलेलं झाड विचाराल तर हे भूर्ज. आंबा, वड, पिंपळ त्या लोकांनी पाहिलेच नव्हते हो, इथे आल्यावर पाहिले.

रानजाई:
बीचवरून आठवलं, बुखं म्हणजे बीच आणि बुख म्हणजे पुस्तक, आमच्या जर्मनच्या क्लासमध्ये सांगितलं होतं की बीचच्या पाट्यांवर अक्षरं कोरायचे म्हणून. अक्षराला पण बुखश्टाबं म्हणतात, म्हणजे बीचची काठी!

शब्दवेल्हाळ:
बरेच अभ्यासक मानतात, काही जण व्याकरणाच्या खुसपटांवरून मानत नाहीत. मी मानणाऱ्यांतला. पण बघा ना, जर्मनांनी पुस्तकाचं नाव बीचवरून घेतलं आणि आपल्याकडे लिहायला भूर्ज. शिवाय जर्मानिक लोकांच्या जुन्या रून लिपीत ब च्या अक्षराचं नावच बर्च होतं, आपण ब बदकाचा म्हणतो तसं ब बर्चचा.

गार्गी_दादर:
आणि दारू? संस्कृतात दारु म्हणजे लाकूड ना, देवदारु वगैरे. आमचे हे विचारताहेत (खरंच हेच विचारताहेत).

शब्दवेल्हाळ:
त्यांना सांगा, ऱ्हस्व रु वाला दारु आणि इंग्लिश ट्री हे सख्खे. दीर्घ रू वाली आपल्याकडे फारसीतून आली, तिथे अर्थ औषध. आता औषध म्हणूनच घेतो असं ते म्हणतील, मी जबाबदार नाही.

कुमुदताई:
उशिरा आले, पण पुण्याची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. भूर्ज महाराष्ट्रात उगवत नाही म्हणून मराठीत त्याचं घासलेलं रूप झालं नाही, हिंदीत भोज झालं तसं आपल्याकडे काही नाही, पोथीतला भूर्ज तसाच राहिला आणि पूजेच्या दुकानात यंत्र लिहायला कागदासारखा विकला जातो. पण झाड नसलं तरी साल आली. 1875 मध्ये गेओर्ग ब्यूलर हे जर्मन पंडित मुंबई सरकारच्या नोकरीत असताना काश्मिरात पोथ्या शोधायला गेले आणि तिथून शारदा या काश्मीरच्या जुन्या लिपीतल्या भूर्जपत्रावरच्या पोथ्या घेऊन आले. त्या आधी डेक्कन कॉलेजात आणि नंतर भांडारकर संस्थेत आल्या. संस्थेतल्या ऋग्वेदाच्या 30 पोथ्या 2007 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या, त्यातली एक भूर्जपत्रावरची, बाकी कागदाच्या. मला नेहमी वाटतं, हा हॅनोव्हरकडचा माणूस लहानपणापासून बिर्के म्हणत असणार आणि काश्मिरात त्याने तीच साल हातात धरली, त्यावर ऋग्वेद.

आणि रशियात नोव्हगोरोदला 1951 पासून चिखलात भूर्जपत्रांवरची पत्रं सापडताहेत, हजाराच्या वर झालीत. व्यापाऱ्यांच्या उधाऱ्या, बायकांच्या तक्रारी, आणि ओनफिम नावाच्या एका पोराने अक्षरं गिरवता गिरवता काढलेली चित्रं, तेराव्या शतकातली. त्याने स्वतःला घोड्यावर बसवून शत्रूला भाला मारलाय. सगळ्या देशांतली पोरं सारखीच.

उत्तरेचा वारा:
ओनफिम! धन्यवाद ताई. एक जड गोष्ट लिहू का नको करत होतो. बिर्केनाउ, ते पोलंडमधल्या नाझी छळछावणीचं, म्हणजे बर्चचं कुरण. आणि त्या गावाचं मूळ पोलिश नाव ब्झेझिंका, तेही बर्चचंच, तोच जुना शब्द. मी तिथे गेलोय, झाडं अजून आहेत. यापुढे काही लिहीत नाही.

झब्बू:
...

रानजाई:
उत्तरेचा वारा, हे वाचून मी पण बराच वेळ तशीच बसले.

विषय थोडा हलका करते. बॉन कोलोनकडे 30 एप्रिलच्या रात्री पोरं कोवळा बर्च तोडून आणतात, त्याला रंगीत क्रेपच्या पट्ट्या बांधतात आणि आवडत्या मुलीच्या घरासमोर उभा करतात, लीप वर्षात मुली मुलांच्या दारात लावतात. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, त्यात काय, कालिदासाच्या नाटकात उर्वशीने पुरूरव्याला प्रेमपत्र भूर्जपत्रावरच लिहिलंय आणि ते वाऱ्याने उडून नेमकं राणीच्या हातात पडलंय. म्हणजे झाड एक आणि घोळही एकच.

आता आमच्या बिल्डिंगच्या खालच्या मजल्यावर एक कॉलेजातली मुलगी राहते. एक तारखेला सकाळी दार उघडलं तर पाइपाला बांधलेला चांगला दोन मजले उंच बर्च, लाल पिवळ्या पट्ट्या, आणि वरचा शेंडा बरोबर माझ्या बेडरूमच्या खिडकीत! महिनाभर काढत नाहीत म्हणे. मी खिडकी बंद करून ॲलर्जीची गोळी घेतलीय.

खोडरबर:
रानजाई, शेवटची शंका. पूजेच्या दुकानातलं भूर्जपत्र गळ्यात बांधलं तर शिंका येतील का?

रानजाई:
ॲलर्जी परागांची आहे हो, सालीची नाही. पण बाबांनी आजच पोस्टाने एक पाठवलंय म्हणाले, आलं की सांगते.